आधी गळा, मग गज

व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला असतात, गिटारला असतात, पेटीवर तर प्रत्येक सुराची पट्टीच वेगळी असते. बोट जागेवर टेकलं की सूर निघाला. व्हायोलिनची काळी पट्टी मात्र गुळगुळीत आणि कोरी. गंधार कुठे आहे हे तिच्यावर कुठेही लिहिलेलं नाही. मोठ्या माणसाच्या वाद्यावर पट्टीच्या सुरुवातीला दोन लगतच्या स्वरांमध्ये, म्हणजे शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम यांच्यात वगैरे, पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या छोट्या वाद्यावर ते सव्वा सेंटिमीटरवर येतं. एवढ्याशा जागेत बोट नेमकं पडायला हवं, आणि ते पडलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते कानालाच कळतं.

म्हणून लहान मुलांना व्हायोलिन शिकवणारा माणूस खरं तर सुरुवातीला व्हायोलिन शिकवतच नाही. तो ऐकायला शिकवतो, गायला शिकवतो. आपल्याकडच्या दोन अगदी वेगळ्या परंपरांनी ही गोष्ट आपापल्या वाटेने शोधून काढली, आणि त्या दोन्ही वाटांचे धागे दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वाशाशी येऊन जुळतात.

पहिला धागा गोव्याचा. वापी स्टेशनवर उतरून सिल्वाशाला जाणाऱ्याच्या डोक्यात गोवा नसतो. आजूबाजूला गुजराती बोलली जाते, मराठी बोलली जाते, आणि पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया. पण सिल्वाशाचं पोर्तुगीज काळातलं चर्च आजही ‘गोवा आणि दमण’ या धर्मप्रांतात मोडतं. सासष्टीतल्या माजोर्डा गावचं चर्चही त्याच धर्मप्रांतातलं. या माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंद चालवणाऱ्या एका शिक्षकाच्या घरी 1927 साली अँथनी गोन्साल्विस जन्मले.

गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून गावशाळा चालत आल्या. तिथे मुलांना प्रार्थना आणि अक्षरं शिकवली जात, आणि त्यांच्या जोडीने संगीतही. शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणत. रविवारच्या मिसेला गायकवृंद उभा करणं, सणाला वाद्यवृंद जमवणं, घराघरांतल्या क्रुसासमोर लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणायला मुलांना घेऊन जाणं, आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना स्वर शिकवणं, एवढं सगळं या एका माणसाच्या अंगावर असे. कोकणीत व्हायोलिनला रेबेक म्हणतात. लदिनीत रेबेक, मांडो या गोव्याच्या गाण्यात घुमटाच्या जोडीला रेबेक. पोराच्या कानावर हा आवाज पाळण्यात असल्यापासून पडत असे.

तरी पोर शाळेत गेलं की वाद्य लगेच हातात मिळत नसे. आधी सोल्फेजो. म्हणजे कागदावरचे स्वर, हाताने ताल धरून, दो-रे-मी अशा नावांनी गाऊन वाचायचे. हे महिनोन्महिने चाले. डोळ्यांनी टिंब पाहिलं की गळ्यातून तो सूर निघाला पाहिजे, आणि तो निघू लागला की मगच रेबेक. हे वाचायला कोरडं वाटतं, आणि पोरांनाही ते कोरडंच वाटत असणार. पण त्याचा परिणाम पाहिला की त्या मेस्त्र्यांपुढे हात जोडावेसे वाटतात. दहा-बारा वर्षांचं खेड्यातलं पोर समोरचा अनोळखी कागद वाचून पहिल्याच झटक्यात वाजवू शकत असे.

हिंदी सिनेमाला हीच मुलं पुढे उपयोगी पडली. अँथनी गोन्साल्विस वडिलांकडे तिसऱ्या वर्षापासून शिकले आणि 1943 मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा गोवेकरांच्या होत्या. संगीतकाराला चाल सुचे, संयोजक ती कागदावर उतरवी, आणि वादकांना काही मिनिटांत ती वाजवावी लागे. सेबॅस्टियन डिसोझांसारखे नामांकित संयोजकही गोव्याचेच. श्रेयनामावलीत यातली बहुतेक नावं कधी आली नाहीत, आणि त्यांना शिकवणाऱ्या गावाकडच्या मेस्त्र्यांची नावं तर कुठेच नाहीत.

गोन्साल्विसांचं नाव मात्र राहिलं, ते त्यांनी वांद्र्याच्या घरी मुलांना शिकवलं म्हणून. राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. प्यारेलाल शर्माही शिकले. प्यारेलाल 1940 चे, वडील पंडित रामप्रसाद ट्रम्पेट वाजवायचे. मुलगा आठव्या वर्षी व्हायोलिनला बसला, दिवसाला आठ-आठ, बारा-बारा तास वाजवू लागला, आणि घरची ओढाताण होती म्हणून बाराव्या वर्षापासून स्टुडिओत कमावू लागला. त्याच वयात मंगेशकर कुटुंबाने लहान मुलांसाठी चालवलेल्या सुरेल कला केंद्रात त्याला लक्ष्मीकांत नावाचा मेंडोलिन वाजवणारा सोबती भेटला. पुढची कथा घराघरांत माहीत आहे. गोन्साल्विसांनी 1958 मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र मांडणारा शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात तो वाजला आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर माजोर्ड्यात शांतपणे राहिले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या नायकाचं नाव प्यारेलालनी आपल्या गुरूवरून सुचवलं. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ सगळ्यांना आठवतो, पण ते नाव एका व्हायोलिन शिक्षकाचं आहे हे कितीतरी उशिरा लोकांना कळलं. 2012 मध्ये गोव्यात ते गेले. सिनेमाचे अभ्यासक अशोक राणे यांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट आहे, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावं.

दुसरा धागा थेट सिल्वाशाच्या मुक्तीतून निघतो. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात सुधीर फडके स्वतः उतरले होते, आणि पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. जवळजवळ आठ महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 ला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. त्यात फडक्यांच्या साथीला बसलेला तरुण व्हायोलिनवादक म्हणजे प्रभाकर जोग. 1932 चा जन्म. बाराव्या वर्षी पुण्याच्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ अशा बिदागीवर हा मुलगा वाजवत असे. पुढे जोगांचं व्हायोलिन ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून ओळखलं गेलं, कारण त्यातून फक्त चाल ऐकू येत नसे, शब्द ऐकू आल्याचा भास होई. जोडाक्षरावर गज कुठे दाबायचा, दीर्घ अक्षरावर किती ओढायचा, श्वास घ्यायच्या जागी तो कुठे उचलायचा, हे गाणं पाठ असल्याशिवाय जमत नाही.

महाराष्ट्रात व्हायोलिन आलं ते असं गळ्याच्या मागोमाग. गजाननराव जोशी (1911–1987) मुळात ग्वाल्हेर घराण्याचे गवई, औंधच्या अंतूबुवांचे चिरंजीव. गाणं आधी अंगात होतं, व्हायोलिन त्यांनी नंतर हातात घेतलं आणि ख्याल त्याच्यावर उतरवला. त्यांच्याकडे शिकून उल्हास कशाळकर आणि पद्मा तळवलकर यांच्यासारखे गायक घडले, यातच गळा आणि गज यांचं नातं दिसतं. द. के. दातारांनी द. वि. पलुसकरांच्या गाण्याचा वारसा व्हायोलिनवर आणला. मिरजेपासून मुलुंडपर्यंतच्या व्हायोलिनच्या वर्गात आजही तीच रीत आहे: आधी सरगम गा, अलंकार गा, मग तेवढंच तारेवर काढ. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला बसणाऱ्या मुलाला गुरुजी दटावतात तेव्हा पहिलं वाक्य हेच असतं, ‘तोंडाने म्हण बघू आधी.’

गोव्याची रीत आणि पुण्याची रीत यांत एक मोठा फरक आहे, आणि तो लहान मुलाच्या डोक्यात खोल रुजतो. गोव्यातला ‘दो’ हा ठरलेला सूर आहे; पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत त्याची जागा कधी हलत नाही. आपला ‘सा’ हलतो. गाणाऱ्याला सोयीची असेल ती पट्टी सा. त्यामुळे एका मुलाच्या कानात सुराची उंची बसते, दुसऱ्याच्या कानात दोन सुरांमधलं नातं बसतं. वाद्यही वेगळं लागतं: पाश्चात्त्य पद्धतीत चार तारा ठरलेल्या स्वरांत, हिंदुस्थानी वादक बहुधा त्या सा-प-सा-प अशा लावून घेतो. बसणंही वेगळं. तिकडे मूल उभं राहून वाद्य हनुवटीखाली धरतं. इकडे ते मांडी घालून बसतं आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याजवळ टेकवतं, म्हणजे डावा हात मींड घ्यायला मोकळा राहतो. सहा वर्षांच्या मुलाला ही बैठक अर्धा तास टिकवणं जड जातं, मुंग्या येतात. समजूतदार शिक्षक दहा मिनिटांनी उठवतो, गाऊन घेतो, टाळ्या वाजवून ताल मोजायला लावतो, आणि पुन्हा बसवतो.

आता प्रत्यक्ष हातात येणाऱ्या वाद्याकडे पाहू. मुलांची व्हायोलिनं ‘अर्धं’, ‘पाव’, ‘एक अष्टमांश’, ‘एक षोडशांश’ अशा मापांनी मिळतात, पण ही नावं फसवी आहेत. मान सोडून पूर्ण व्हायोलिनची पेटी साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर लांब. ‘अर्धं’ व्हायोलिन एकतीसच्या आसपास असतं, आणि सर्वांत छोट्यांपैकी एक, ‘एक षोडशांश’, तेवीसच्या आसपास. माप घ्यायची रीत सोपी आहे. मुलाने वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात सरळ पुढे करायचा. तळवा व्हायोलिनच्या डोक्याला सहज वेढता आला पाहिजे. मोठं वाद्य घ्या, दोन वर्षं जास्त वापरता येईल, हा हिशोब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. व्हायोलिनला तो लावला की मुलाचं मनगट आत वळतं, खांदा वर चढतो, आणि ती सवय सोडवायला पुढे कितीतरी वर्षं जातात.

मग येतो तो कर्कश आवाज, ज्याने घरच्यांची परीक्षा होते. तो का येतो हे समजलं तर आई-वडील थोडे धीराने घेतील. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला पकडतात, ओढत नेतात, ताण वाढला की तार सुटून मागे झेपावते, आणि केस तिला पुन्हा पकडतात. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या ‘ए’ तारेवर ही पकड-सोड सेकंदाला 440 वेळा होते. गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचं अंतर या तिन्हींचा मेळ बसला तरच ती नियमित राहते. दाब जास्त झाला की तार वेळेवर सुटत नाही आणि खरखर येते. कमी झाला की ती नीट पकडली जात नाही आणि शिट्टीसारखा पोकळ आवाज निघतो. त्यातून मुलाचा हात खांद्यापासून फिरतो, म्हणजे गज सरळ न जाता कमानीत जातो. सरळ न्यायचा तर कोपर उघडावं लागतं. ही हालचाल रोजच्या आयुष्यात मूल कुठेच करत नाही. म्हणून शिक्षक त्याच्या मागे उभा राहतो, एका हाताने दंड स्थिर धरतो, दुसऱ्याने मनगट हलकेच पुढे नेतो. कोणी दाराच्या चौकटीशी उभं करतो, म्हणजे दंड मागे जायला जागाच राहत नाही. गज धरायला आधी पेन्सिल देतात: अंगठा वाकलेला, करंगळी गोल होऊन वर टेकलेली, मधली बोटं सैल. आठवडाभर मुलाने फक्त पेन्सिल धरली तरी तो आठवडा वाया गेलेला नसतो.

जपानच्या शिनिची सुझुकींनी या प्राथमिक पायरीचंच शास्त्र बनवलं. 1898 चा नागोयातला जन्म, वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना, स्वतःचं शिक्षण बर्लिनमध्ये. एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली: जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं, तेही कोणी व्याकरण न शिकवता. मग सुराचं का नाही? 1946 मध्ये मात्सुमोतो इथे त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. घरात तेच तुकडे पुन्हा पुन्हा ऐकवायचे, आईने किंवा बापाने आधी स्वतः थोडं शिकायचं, मुलाला सुरुवातीला खोक्याचं खोटं व्हायोलिन द्यायचं, आणि कागदावरचं वाचन मागाहून. मूल चुकलं तरी भाषा शिकताना आपण जसं हसत हसत दुरुस्त करतो, तसंच दुरुस्त करायचं. गोव्याच्या मेस्त्र्यांनी कागद आधी ठेवला, सुझुकींनी नंतर; पण कान दोघांनीही पहिला ठेवला. कागद उशिरा शिकलेली मुलं पुढे वाचनात अडखळतात ही सुझुकी पद्धतीवरची जुनी तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

गोव्याच्या त्या गावशाळा मागे पडल्या तेव्हा काय झालं, हे मुंबईने पाहिलं. 2006 मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हा कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांना आपल्या देशातून मोठ्या संख्येने वादक आणावे लागले. अर्ध्या शतकापूर्वी ज्या शहरात गोन्साल्विसांना शंभराहून अधिक वादक मिळाले, त्याच शहरात ही वेळ यावी, याचं उत्तर माजोर्ड्यासारख्या गावांच्या संध्याकाळच्या शाळांत आहे. वादक काही विशीत तयार होत नाही, तो सहाव्या-सातव्या वर्षी तयार व्हायला लागतो. बिसेनगालिएव यांनी हे ओळखलं. 2012 पासून त्याच संस्थेत मुलांची अकादमी चालते.

गोव्यातही धागा अगदी तुटलेला नाही. आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत काढलेली संगीत अकादमी पुढे कला अकादमीत सामावली. 2009 मध्ये डॉ. लुईस डायस यांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ सुरू केली. ते पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ, इंग्लंडमध्ये काही वर्षं काम करून गोव्यात परतलेले. व्हेनेझुएलात होझे आंतोनियो आब्रेऊंनी 1975 मध्ये गरीब मुलांसाठी सुरू केलेल्या वाद्यवृंदांची चळवळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ज्या मुलांच्या घरी वाद्य घ्यायची ऐपत नाही, त्यांच्या हातात व्हायोलिन आणि चेलो देण्याचं काम ही संस्था करते.

सिल्वाशाच्या आसपासच्या पाड्यांवर मुलांचे कान तयार करणारी शाळा वेगळीच आहे, आणि तिला भिंती नाहीत. भाताची कापणी जवळ आली की रात्री तारपा वाजू लागतो. सुकवलेला दुध्या भोपळा, त्यातून निघालेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, फटी बुजवायला मेण. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. वादकाने सूर बदलला की पावलं बदलतात, तोंडाने कोणी काही सांगत नाही. साखळीच्या शेपटाला लहान पोरं लोंबकळत असतात. त्यांनी तारपा अजून हातात धरलेला नसतो, पण सूर कधी वळणार हे त्यांच्या पायांना आधी कळतं.

असं मूल उद्या व्हायोलिनच्या वर्गात आलं तर शिक्षकाचं अर्धं काम झालेलं असेल, आणि शिक्षकाला ते ओळखता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी त्याला ‘सा’ विचारण्याऐवजी तारप्याचा सूर गुणगुणून दाखवायला सांगावं, आणि शिक्षकाने तोच सूर तारेवर शोधून त्याच्या हातात द्यावा. मोकळी तार, लांब गज, एकच सूर, न तुटता. तारप्यासारखा.

मुलांना शिकवणाऱ्या व्हायोलिनवादकाच्या घरी एक कपाट असतंच. त्यात छोटी व्हायोलिनं रांगेत उभी असतात. पाव मापाचं वाद्य जून महिन्यात एखाद्या मुलीला अपुरं पडतं, तिचं कोपर फार वाकायला लागतं, आणि ती अर्ध्या मापावर जाते. परत आलेल्या वाद्याच्या घोडीखाली राळेची पांढरी भुकटी साचलेली असते, पट्टीवर बोटांच्या जागा दाखवायला चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांच्या कडा निघालेल्या असतात. शिक्षक मऊ फडक्याने भुकटी पुसतो, जुन्या पट्ट्या सोलून काढतो, खुंट्या फिरवून तारा सुरात आणतो, आणि शेजारच्या खोलीत पेन्सिल धरून बसलेल्या पुढच्या मुलाला हाक मारतो.